शून्य नंबरची बाग

रोस्किल्ड,
मे महिन्याची अखेर

आदरणीय मेहुणे श्री. होल्गर यांस,

एस्किलचा कमरेतून वाकून नमस्कार. (याहून खाली वाकता आलं असतं, पण मग वर यायला एलिनोरला हाक मारावी लागली असती, आणि तिला हे पत्र इतक्यात दाखवायचं नाही.) आपली प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. गुडघा काय म्हणतो? थिस्टेडचा वारा चालणाऱ्याला मागे ढकलतो असं ऐकून आहे, म्हणजे सपाट रस्त्यावर चढणीचा व्यायाम फुकटात होत असणार. चि. सिसेल बापाला वेळेवर जेवायला वाढते ना? की अजून राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग माशाचा तुकडा ठेवून उभ्याउभ्याच भागवता? मी आपल्याला 'आपण' म्हणतो आहे हे लक्षात आलंच असेल. या देशात ते संबोधन आता राजघराण्यापुरतं उरलं आहे हे मलाही ठाऊक आहे. पण ज्या माणसाबरोबर पेन्शन फंडात एका टेबलाशी बसून अर्ध्या डेन्मार्कचं म्हातारपण मोजलं, ज्याच्या बहिणीशी लग्न केलं, आणि जो त्याच बहिणीच्या साठीच्या जेवणावरून उठून गेला तो परत फिरकला नाही, त्याला अरे-तुरे करायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून 'आपण'.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिण्याचा रिवाज आहे. तो मी मोडतो. इकडे क्षेम नाही. येत्या रविवारी बागवसाहतीची खास सभा आहे, आणि वसाहतीने भाड्याने दिलेली आठ नंबरची बाग आमच्याकडे ठेवायची की परत घ्यायची हे त्या सभेत ठरणार आहे. बाग म्हणजे एलिनोरची बाग. तिचा रूबार्ब, तिचे बटाटे, तिचे गुलाब. मी तिथे नुसता खुर्चीत बसतो आणि तण कुठे राहिलं ते दाखवतो. आरोप मात्र माझ्यावर आहे. मी म्हणे लबाडी करून आपलं रोगट झाड वाचवलं आणि शेजारणीचं धडधाकट झाड पाडलं. आरोप खोटा आहे. पण तो खोटा कसा, हे समजेल असा माणूस या वसाहतीत नाही, या गावात नाही, आणि बहुधा थिस्टेडच्या अलीकडे कुठेच नाही. त्यामुळे सगळं मुळापासून सांगतो. मूळ आपण आहात.

वसाहतीचा कारभार चालवणारा प्रोग्राम आपण एपीएल या संगणकाच्या भाषेत लिहिलात. कुणाकडे पाणी किती गेलं, कुणाचं कुंपण वाजवीपेक्षा उंच वाढलं, कुणाच्या दारात कोणतं झाड आहे, सगळं त्यात. दुसऱ्या कुठल्या भाषेत त्याचं बाड झालं असतं; आपलं एका पानावर मावलं, कारण आपल्या भाषेत एकेका क्रियेला एकेक खूण, की झालं. वेर्नरने (अध्यक्ष, निवृत्त टपालमास्तर, एक नंबरची बाग, आपल्याला आठवत असेलच) तो कागद हातात घेऊन विचारलं होतं, "यावरून कोंबडी चालत गेली का रे?" तेव्हा आपण दोघं एका बाजूला होतो. आपण त्याला म्हणालात, "कोंबडीच, पण शिकलेली." मी दिवसभर हसत होतो.

त्या भाषेचं सौंदर्य आपल्याला समजावून सांगायचं म्हणजे शहाणपणाच आहे, पण सभेत मला तेच करावं लागणार, म्हणून आपल्यावर तालीम करून घेतो. शाळेत मुलांना कंचेभागुबेव घोकवतात: कंस आधी, मग भागाकार-गुणाकार, आणि बेरीज-वजाबाकी सगळ्यांच्या शेवटी, गरीब नातेवाइकांच्या पंगतीसारखी. आपल्या भाषेत असली जातपात नाही. सगळ्या क्रिया सारख्या मानाच्या. उजवीकडून सुरुवात करायची आणि डावीकडे सरकत यायचं. तीन गुणिले चार अधिक दोन म्हटलं की आधी चार आणि दोन सहा, मग तीन सक अठरा. (मी एकदा वाण्याकडे असाच हिशेब घातला आणि तेव्हापासून एलिनोरने मला बाजारात पाठवलेलं नाही, हा त्या भाषेचा आणखी एक गुण.) प्रत्येक क्रियेच्या उजवीकडे एक गोष्ट उभी, फार तर डावीकडे आणखी एक. एकच नियम, लहानथोर सगळ्यांना सारखा. मी लग्न, नोकरी आणि देव या तिन्हींत जे शोधलं आणि मिळालं नाही, ते मला तिथे मिळालं, हे मी आपल्याला एकदा म्हणालोही होतो.

आणि अशा या घरात आपण चौकटी कंस घेऊन आलात. तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीतली, पाचव्या रकान्यातली वस्तू हवी, तर आपण तक्त्याचं नाव लिहिणार, त्याच्या पाठीला चौकटी कंस चिकटवणार, आत तीन, मग एक अर्धविराम, मग पाच. ही क्रिया म्हणावी का? नाही. तिच्या डावी-उजवीकडे कुणी सरळ उभं राहू शकतं का? नाही. बाकी सगळे रांगेत उभे असताना हा एकटा कुंपण घालून बसलेला. तेच काम करणारी सरळमार्गी क्रिया भाषेत आहे, उभट खिडकीसारखी तिची खूण आहे. डावीकडे जागा लिहा, उजवीकडे तक्ता लिहा, काम संपलं. हे मी आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं. आपलं उत्तर ठरलेलं: "अरे, भिंतीला दार असतं. दारामुळे भिंतीचा नियम मोडला म्हणून कुणी सुतक धरत नाही. कंस दिसला की कुणालाही कळतं, इथून आत जायचं." (हे पत्र कंसांनी भरलेलं आहे असं आपण म्हणाल. ते गोल आहेत. गोल कंसांशी माझं कधीच वैर नव्हतं.)

दुसरा वाद मोजण्याचा. भाषा दोन्ही मुभा देते. रांगेतल्या पहिल्याला एक म्हणा नाहीतर शून्य म्हणा. एकदा वर सांगून ठेवायचं, ती बिचारी तसं मोजते. मी शून्यवाला. मूल जन्मतं तेव्हा त्याला शून्य वर्षं झालेली असतात, आणि इमारतीला आधी तळमजला असतो, मग पहिला. आपण एकवाले. "झाडाला पहिलं सफरचंद लागतं," आपण म्हणायचात, "शून्यावं लागलेलं मी अजून पाहिलं नाही." साठीच्या जेवणात यावरूनच पेटलं. हेरिंग झाली होती, स्नॅप्सचा दुसरा पेला (माझ्या मोजणीने पहिला) झाला होता, आणि आपण कागदी रुमालावर कंसांची एक ओळ लिहून आस्ताबाईंपुढे धरलीत. आस्ताबाई म्हणजे सात नंबरच्या, आमच्या शेजारीण, सारा जन्म दातांच्या दवाखान्यात काम केलेल्या. त्या म्हणाल्या, काहीतरी आतून उपटून बाहेर काढताय असं दिसतंय. मग मी माझी ओळ दाखवली. त्या म्हणाल्या, हे विणकाम आहे का? सगळे हसले. मी हसलो नाही. मी त्यावर आपल्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आपण काय बोललात ते लिहितो, कारण ते अजून सलतं: "एस्किल, तुझं सगळं शुद्ध असतं रे, पण त्यात माणसाला राहता येत नाही." केक कापायच्या आत आपण निघालात, आणि पुढच्या उन्हाळ्यात सिसेलकडे थिस्टेडला गेलात.

प्रोग्राम माझ्याकडे आला. या हिवाळ्यात मी त्याचं शुद्धीकरण केलं. तण उपटावं तसा एकेक चौकटी कंस उपटला, जागोजाग सरळ क्रिया लावली, आणि वर सांगून ठेवलं की यापुढे मोजायचं ते शून्यापासून. चालवून पाहिला, हूं की चूं नाही. (थोडा चुकलेला प्रोग्राम बोंब मारतो, पुरता चुकलेला गप्प बसतो, हे आपणच फंडातल्या नव्या लोकांना सांगायचात.) फक्त आपली एक ओळ तेवढी राहून गेली, कंसांसकट. घाईत राहिली. तिच्याबद्दल यापलीकडे मला काही म्हणायचं नाही.

मग वसंतात फळझाडांची तपासणी झाली. तपासणाऱ्या बाईंनी दोन झाडांच्या खोडांत पसरणारा रोग सांगितला: वेर्नरचं प्लमचं आणि आमचं सफरचंदाचं. दोन्ही पाडायची. मी नावं प्रोग्रामला दिली, त्याने यादीतली त्यांची जागा शोधली आणि लाकूडतोड्यासाठी चिठ्ठ्या छापल्या. जागा शोधणारी ओळ म्हणजे तीच, आपली. आपण ती एकपासून मोजून लिहिली होती, त्यामुळे यादीतली जागा तोच बागेचा नंबर, दोन्हींत फरक नाही. माझ्या मोजणीत आठवा माणूस सातव्या जागेवर येतो आणि पहिला माणूस शून्यावर. ओळीने इमानाने तेच छापलं. एका चिठ्ठीवर सात, एकीवर शून्य. मी चिठ्ठ्या पाहिल्याही नाहीत. इतक्या शुद्ध प्रोग्रामच्या चिठ्ठ्या पाहायच्या कशाला?

लाकूडतोड्या बाहेरगावचा. तो मधल्या वारी सकाळी आला, तेव्हा सगळे गावातल्या घरी, वसाहतीत चिटपाखरू नव्हतं. सात नंबरच्या बागेत एकच झाड, आस्ताबाईंची नाशपाती. ती त्याने पाडली, ओंडके नीट रचले, भुसासुद्धा झाडून घेतला. मग तो शून्य नंबर शोधायला निघाला. माणूस कर्तव्यदक्ष. एक नंबरच्या अलीकडे जे असेल ते शून्य असणार असा त्याने विचार केला, आणि हा विचार माझ्या पक्षाचा आहे याची आपण नोंद घ्यावी. एक नंबरच्या अलीकडे फाटक आहे, आणि फाटकाशी वसाहतीचा ध्वजस्तंभ. त्याने तो पाडला. चिठ्ठीवर शेराही लिहून ठेवला: "खोड आतून पार वाळलेलं होतं. वेळेवर पाडलं."

त्याच शनिवारी वेर्नरचा सत्तरावा वाढदिवस होता. आपल्याकडे वाढदिवसाला ध्वज चढला नाही तर आपण जन्मलो की नाही अशी माणसाला शंका येते. वेर्नर नवा कोट घालून, घडी केलेला ध्वज काखेत घेऊन त्या खुंटापुढे उभा राहिला, आणि त्याच्यामागे केक घेऊन त्याची बायको. शेवटी त्याने ध्वज कुंपणावर वाळत घातला. तेवढ्यात कुणीतरी सात नंबरकडे पाहिलं, मग आठ नंबरकडे पाहिलं. आमचं रोगट सफरचंद त्या दिवशी असं फुललं होतं की मला त्याची लाज वाटली.

पुढचं आपल्या लक्षात येईलच. प्रोग्राम कुणाकडे? माझ्याकडे. झाड कुणाचं वाचलं? माझं. यात वेर्नरची पंचाईत माझ्याहून मोठी, कारण त्याचंही प्लम वाचलं होतं, आणि लोक त्याच्याकडेही तिरक्या नजरेने बघायला लागले. त्यामुळे त्याला आता लवकरात लवकर दुसरा कुणीतरी गुन्हेगार हवा आहे. मी त्याला कागद घेऊन समजावायला बसलो, उजवीकडून डावीकडे. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "एवढ्या बागा आहेत, एस्किल, आणि चुकून वाचलं ते नेमकं तुझंच झाड?" मी म्हणालो, तुझंही. हे बोलायला नको होतं.

आस्ताबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आपल्या नाशपातीच्या खुंटावर बसून कॉफी पीत होत्या. मी त्यांच्यापुढे उभा राहून सगळं सांगितलं, शून्य, एक, यादी, जागा. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, "तू लबाडी केली नाहीस हे मला पटलं. लबाड माणूस इतका वेळ खात नाही. पण एक सांग, तुला वाईट कशाचं वाटतंय, झाडाचं की नंबराचं?" होल्गर, मी टोपी सरळ केली आणि निघालो. त्या झाडाच्या नाशपातीचा मुरंबा आम्ही दर नाताळला खाल्ला आहे, आपणही बोटं चाटून खाल्ला आहे. घरी येऊन मी एलिनोरला विचारलं, मी काय म्हणायला हवं होतं? ती भांडी पुसत होती. म्हणाली, "हे विचारायला घरी आलास, तिथेच संपलं."

तर सांगायचा मुद्दा एवढाच, की आपले चौकटी कंस किती घातक आहेत हे आता झाड पाडून सिद्ध झालं आहे. आपल्याला वाईट वाटावं म्हणून हे लिहिलेलं नाही. आपल्याकडून मला काही नको. आपण वाऱ्यात टोपी सांभाळून हिंडावं, सिसेलला माझे आशीर्वाद सांगावेत, आणि गुडघ्याला ऊब द्यावी.

आपला,
नियमाला धरून असलेला,
एस्किल

ता.क. सभा रविवारी दुपारच्या जेवणानंतर आहे. शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीने निघून स्ट्रूरला गाडी बदलली तर आदल्या दिवशीच आरामात पोचता येतं. आपण सभेत उभं राहून एक वाक्य म्हणायचं: मी ही भाषा वाचतो, ही चूक आहे, लबाडी नाही. दुसरं कुणी हे म्हणू शकत नाही, कारण दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. कंसांच्या जबाबदारीचा प्रश्न आपण सभेनंतर घेऊ.

ता.क. मागच्या खोलीत पलंग घातला आहे. खिडकीतून वारा यायचा ती फट बुजवली. हेरिंग आणून ठेवली आहे, मोहरीतली, तुला आवडते ती. तू कंसांबद्दल कितीही बोललास तरी मी मध्ये बोलणार नाही. निदान कॉफी येईपर्यंत.

ता.क. पाकीट चिकटवून एलिनोरकडे पोस्टात टाकायला देतो आहे. ती दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही.

दादा,

पाकीट वाफेवर उघडलं. हा चक्कर मारायला गेलाय, तेवढ्यात लिहिते.

सभा येत्या रविवारी नाही. ती गेल्या रविवारी झाली. वेर्नरने आधीच वाट काढून ठेवली होती. तो म्हणाला, ओळ होल्गरची आहे ना, मग चूक जुन्या प्रोग्रामची असं लिहून टाकू, होल्गर तिकडे थिस्टेडला, त्याचं काय बिघडतं, एस्किल सुटला, मीही सुटलो. सगळे कबूल होते, सगळ्यांचं लक्ष केककडे होतं. एस्किलने फक्त हो म्हणायचं. तो उठला. मला वाटलं, आता हा उजवीकडून सुरू होणार आणि संध्याकाळ इथेच होणार. तो एवढंच म्हणाला, "होल्गरची ओळ बरोबर होती. कंससुद्धा बरोबर होते. कुठून मोजायचं ते मी बदललं, आणि त्या ओळीला सांगितलं नाही. होल्गरलाही नाही." मग आस्ताकडे वळला आणि म्हणाला, "मला झाडाचं वाईट वाटतंय." आणि बागेची किल्ली टेबलावर ठेवून खाली बसला. मतं घ्यायची वेळच आली नाही.

बागेसाठी मी रडले, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. आता बोलते.

ती ओळ घाईत राहिलेली नाही. हिवाळाभर तो कामाला बसायचा तो तिच्यापाशी येऊन थांबायचा. मी विचारलं, एवढी सगळी बदललीस, ही का ठेवतोस? म्हणाला, चांगली लिहिली आहे.

सभेचं खोटं त्याने का लिहिलं ते तुला कळलं असेल. नुसतं ये म्हटलं तर तू यायचा नाहीस. काही बिघडलं असेल तरच येशील. इथे बिघडायचं ते बिघडून गेलं, दादा, दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी ये. शनिवारी पोच. आणि आलास की सभा किती वाजता आहे, एवढं मात्र त्याला विचारू नकोस.

तुझी,
एलिनोर